“उतरली न्हाई अजून”: एका माळकऱ्याची चक्कर

पहाटेचे चार. दूध संकलन केंद्रावर टेम्पोत कॅन चढवताना एक माणूस भेलकांडला. हातातला कॅन निसटला, माणूस मागच्या चाकाला धरून खाली बसला आणि भडाभडा ओकायला लागला. उठवायला गेलेल्यांच्या अंगावर तो डावीकडून कोसळला. “रात्रीची उतरली न्हाई अजून,” असं कुणीतरी म्हणालं, दोघंतिघं हसले, आणि त्याला पोत्यावर आडवं करून दुसऱ्या चालकाला टेम्पो देऊन पाठवलं. गळ्यात तुळशीची माळ होती, पण ती शर्टाच्या आत. केंद्रावर तो चार महिन्यांपूर्वीच लागला होता, त्यामुळे त्याचं माळकरीपण कुणाला ठाऊक नव्हतं.

रुग्ण ४३ वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दारू नाही, तंबाखू नाही, रक्तदाब किंवा साखरेचा त्रास नाही. मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे. हे प्रकरण लिहायचं कारण असं की त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याला चार जणांनी पाहिलं आणि चौथा मी होतो. चौघांनीही त्याला आडवा ठेवूनच तपासला.

केंद्रावरच्यांना तो प्यालेला वाटला याचा मला राग येत नाही. दारू शरीरात गेल्यावर जे अवयव लवकर बिघडतात त्यात लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, आहे. पाय फाकवून चालणं, वळताना तोल जाणं, जीभ जड होणं, ठरवल्या जागी हात न पोचणं, ही प्यालेल्या माणसाची सगळी लक्षणं खरं तर अनुमस्तिष्काची लक्षणं आहेत. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये याच भागाचा वरचा-पुढचा मधला पट्टा झिजतो आणि मग न पिताही ते तसेच चालतात. फिट्सची फेनिटॉइन गोळी जास्त झाली की तीच चाल येते. तेव्हा लोकांनी लक्षण अचूक ओळखलं होतं, चुकलं ते फक्त त्यामागचं कारण. डॉक्टरांना तर लक्षणही दिसलं नाही.

सकाळी सातला गावातल्या डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन आणि सलाईन दिलं, पित्त झालंय म्हणाले. दुपारी दुसरीकडे नेलं. मान दुखतेय हे ऐकल्यावर तिथे मणक्याची चक्कर ठरली आणि गळ्याला पट्टा लागला. (आपल्याकडे चाळिशीनंतरची कुठलीही चक्कर मानेच्या मणक्यांवर ढकलायची पद्धत इतकी रुजली आहे की रुग्ण स्वतःच मानेचा एक्स-रे घेऊन येतात. चाळिशीनंतर बहुतेकांच्या मणक्यांत थोडी झीज दिसतेच. तिचा आणि गरगरण्याचा संबंध लावणं फार सोपं आणि बहुतेक वेळा चुकीचं.) पाच वाजता आमच्या रुग्णालयात आणलं तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी चांगलं काम केलं आणि डोक्याचा सीटी स्कॅन करून घेतला. स्कॅन नॉर्मल. साडेसहाला मी पोचलो.

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहितो. हात वर करायला लावले, दोन्ही सारखे वर राहिले. दात दाखवायला सांगितले, तोंड वाकडं नाही. बोलणं स्पष्ट. पायात ताकद भरपूर. रक्तदाब १५०/९०, साखर १२८. स्कॅन नॉर्मल. मी कागदावर लिहिलं, कानाच्या नसेची सूज असावी, चक्करच्या गोळ्या चालू ठेवा, सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. लकवा म्हटलं की आपल्या डोक्यात वाकडं तोंड आणि लुळा हात येतो. ते दोन्ही नव्हतं. ४३ वय. स्कॅनचा कागद हातात. मी दुसऱ्या खाटेकडे वळलो.

त्याची बायको म्हणाली, “डॉक्टरसायेब, ह्यांनी उभ्या जन्मात थेंब घेतला न्हाई, पण आज समद्यांनी तसंच बघितलं ह्यांच्याकडं.” मी मान डोलावली. खरं वळण दिलं ते सिस्टरनी. जेवणाआधी बसतं करायला गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “सर, हा पेशंट बसतच नाही. खाटेच्या कडेला ठेवला की डावीकडं पडतोय. मघाशी पण तसंच झालं.”

कानाच्या नसेच्या सुजेत माणूस चालताना झोकांड्या खातो. भिंत धरून का होईना चालतो, आणि खाटेवर हात टेकून बसतो तर नक्कीच. हात छातीशी घेऊन बसवल्यावर धडच सावरत नसेल, तर बिघाड कानात असण्याची शक्यता फार कमी उरते. मी परत आलो आणि सुरुवातीपासून तपासायला लागलो.

सतत गरगरणाऱ्या, डोळ्यांना झटके येत असलेल्या रुग्णासाठी हिंट्स नावाची तीन पायऱ्यांची तपासणी आहे. २००९ साली कट्टा, न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी ती एकत्र बांधून दाखवली आणि पहिल्या दोन दिवसांत ती एमआरआयपेक्षाही जास्त मेंदूचे झटके, म्हणजे लकवे, पकडते असं त्यांना आढळलं. यंत्र काही लागत नाही, खाटेजवळ उभं राहायची तयारी लागते. कूस बदलल्यावर काही सेकंद गरगरून थांबणाऱ्या चक्करला मात्र ती लावायची नाही, तिथे ती उलट फसवते.

पहिली पायरी. मी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, माझ्या नाकाकडे बघत राहायला सांगितलं आणि डोकं झटकन थोडंसं बाजूला वळवलं. कानाची नस बिघडली असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग उडी मारून नाकावर परत येतात. त्याचे डोळे दोन्ही बाजूंना माझ्या नाकावर खिळून राहिले. म्हणजे ही तपासणी नॉर्मल, आणि इथे नॉर्मल येणं हीच वाईट बातमी. चक्कर एवढी भयंकर आणि कानाची तार शाबूत, म्हणजे बिघाड आत कुठेतरी. नवीन डॉक्टरांना हे सांगताना दोनदा सांगावं लागतं, कारण नॉर्मल या शब्दावर सुटकेचा श्वास टाकायची सवय सगळ्यांनाच लागलेली असते, मघाशी मलाही लागलेली होती.

दुसरी पायरी, डोळ्यांचे झटके. डावीकडे पाहताना ते डावीकडे मारत होते, उजवीकडे पाहताना उजवीकडे. कानाच्या आजारात त्यांची दिशा नजरेबरोबर बदलत नाही. तिसरी, एकेक डोळा आळीपाळीने झाकून पाहणं. हात उचलला की डोळा वरून खाली बारीकसा सरकून जागेवर येत होता. तीनही पायऱ्यांचं बोट एकाच दिशेला, मेंदूकडे. मग नाकाला आणि माझ्या बोटाला आळीपाळीने स्पर्श करायला लावला. उजवा हात सरळ गेला. डावा बोटापाशी येईपर्यंत डगमगला, थरथरला आणि बोटाच्या पुढे निघून गेला. डाव्या तळव्याची पालथ-उताणी करायला सांगितल्यावर दोनदा झाली आणि ताल तुटला. हे मघाशीच दिसलं असतं. मी ताकद तपासली होती, नेमकेपणा तपासला नव्हता.

इथे शरीररचनेकडे वळतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं.

शाळेच्या पुस्तकातलं अनुमस्तिष्क, रुग्णांशी बोलताना आम्ही म्हणतो तो लहान मेंदू, मानेच्या खळग्याच्या थोडा वर, कवटीच्या तळाशी बसलेला असतो. वजन साधारण १५० ग्रॅम, मेंदूच्या एकूण वजनाचा दहावा भाग. पण मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळपास ६,९०० कोटी एवढ्याशा जागेत आहेत. त्यातल्या बहुतेक अगदी बारक्या दाणेदार पेशी. त्यांच्या वर एका रांगेत उभ्या असतात त्या पुर्किन्ये पेशी, चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १८३७ मध्ये वर्णन केलेल्या, वाळलेल्या पिंपळपानाच्या जाळीसारख्या पसरलेल्या. एकेका पुर्किन्ये पेशीवर लाखाहून अधिक बारीक तंतूंचे निरोप येतात, आणि शिवाय लंबमज्जेतून, म्हणजे मेंदूच्या अगदी खालच्या टोकातून, वर चढणारा एकच एक जाड तंतू तिला वेटोळं घालतो. गंमत अशी की एवढं सगळं ऐकून पुर्किन्ये पेशी पुढे एकच गोष्ट सांगते, थांब. तिचा निरोप कायम रोखणाराच असतो. हालचाल सुरू करायचं काम मोठ्या मेंदूचं. ती कुठे थांबवायची, किती जोरात, कुठल्या क्षणाला, हे इथे ठरतं. म्हणून अनुमस्तिष्क बिघडल्यावर हात लुळा पडत नाही, तो पुढे निघून जातो.

मधल्या पट्ट्याला वर्मिस म्हणतात. तो धड आणि चाल सांभाळतो. दोन्ही बाजूंचे गोलार्ध हातापायांची नेमकी कामं पाहतात. अगदी तळाशी एक लहानसा भाग कानाच्या तोल-यंत्रणेला आणि डोळ्यांना जोडलेला. मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला तर उजवं अंग जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे तसं नाही. तारा जाताना एकदा ओलांडतात आणि पुढे खाली उतरताना पुन्हा एकदा, त्यामुळे डाव्या लहान मेंदूचा बिघाड डाव्याच हातात दिसतो. आमच्या रुग्णाचा डावा हात चुकत होता आणि धडही डावीकडेच पडत होतं. जागा बोट ठेवून सांगता येत होती: डावं अनुमस्तिष्क, खालचा भाग, वर्मिससकट.

या भागाला रक्त देणाऱ्या तीन जोड्या. खालच्या-मागच्या भागाची धमनी, जिला आम्ही तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पायका म्हणतो, ती मानेतून मणक्यांच्या भोकांमधून वर चढणाऱ्या कशेरुका धमनीची फांदी. हीच पायका लंबमज्जेच्या कडेलाही रक्त पुरवते. तिथेही इजा झाली असती तर आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही, चेहऱ्याच्या एका बाजूची आणि अंगाच्या दुसऱ्या बाजूची संवेदना जाते. म्हणून आधी चमचाभर पाणी गिळवून पाहिलं. ठसका नाही. ते एक बरं.

आता मानेच्या दुखण्याला अर्थ आला. मी विचारलं, मान कधीपासून दुखतेय? चक्करच्या आधी तीन दिवस. डावीकडे, मागून कवटीपर्यंत, आधी कधी दुखली नव्हती अशी. काही झालं होतं का? बायकोनेच सांगितलं, रविवारी कटिंगला गेले होते, तिथं मालिश करून घेतलं आणि मान मोडून घेतली, दोन्ही बाजूंना, कडकड आवाज येईपर्यंत.

कशेरुका धमनी पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी वेडीवाकडी वळणं घेते आणि मान फिरली की ताणली जाते. तिचं आतलं अस्तर फाटलं की रक्त भिंतीत शिरतं, वाट अरुंद होते, तिथे गुठळी धरते आणि तुकडा पुढे जाऊन पायकेत अडकतो. तरुण आणि मध्यमवयीन माणसांच्या झटक्यांमध्ये हे एक मोठं कारण आहे. साध्या सीटीत ते दिसत नाही. ताज्या झटक्यालाही मागच्या खळग्यात सीटी बऱ्याचदा आंधळा असतो, कारण भोवतालच्या जाड हाडाच्या सावल्या चित्रावर पडतात. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत मात्र सकाळी साडेआठलाच संपली होती. तेव्हा तो पित्ताचं सलाईन घेत होता.

रात्री त्याला मिरजेला पाठवलं, आणि पाठवताना चिठ्ठीत एक ओळ ठळक लिहिली: न्यूरोसर्जन चोवीस तास असतील तिथेच ठेवा. नातेवाइकांना ती ओळ पटत नव्हती. माणूस बोलतोय, हसतोय, आणि तुम्ही मेंदूच्या सर्जनचं नाव काढता? एमआरआयमध्ये डाव्या पायकेचा जवळजवळ सगळा मुलूख पांढरा चमकत होता आणि डाव्या कशेरुका धमनीच्या भिंतीत रक्ताची चंद्रकोर दिसत होती. ॲस्पिरिन सुरू केलं. अशा फाटलेल्या धमनीला ॲस्पिरिनसारखं औषध द्यायचं की रक्त पातळ करणारं जोरकस औषध, यावर बरीच वर्षं वाद होता. २०१५ च्या कॅडिस चाचणीत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. झटका एवढा मोठा असताना साधं औषध घेणं मलाही शहाणपणाचं वाटलं.

सर्जनचं नाव काढलं ते तिसऱ्या दिवसाच्या भीतीने. ती का, ते सांगतो. मेलेला भाग सुजतो आणि सूज साधारण तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते. मोठ्या मेंदूला सुजायला थोडीफार जागा असते. अनुमस्तिष्क मात्र एका चिंचोळ्या खणात बसलेलं, वर ताणलेल्या पडद्याचं छत, खाली कवटीचं भोक, आणि पुढे अगदी चिकटून मेंदूस्तंभ, जिथून श्वास आणि शुद्ध चालते. मध्ये चौथी पोकळी, मेंदूतल्या पाण्याची वाट. सूज आली की आधी ही वाट बुजते आणि वरच्या पोकळ्यांमध्ये पाणी तुंबतं.

शुक्रवारी रात्री तो डोकं दुखतंय म्हणाला. मग उचकी लागली. पहाटे हाक मारली की डोळे उघडायचा आणि पुन्हा झोपायचा. पत्नीला वाटलं, तीन रात्रींनी झोप लागली बिचाऱ्याला. तिथल्या निवासी डॉक्टरांनी नाडी पाहिली, ५२. रक्तदाब १८० च्या वर. झोप नव्हती ती. सीटीत चौथी पोकळी नाहीशी झाली होती आणि बाजूच्या पोकळ्या फुगल्या होत्या. आदल्या सीटीत काहीच न दिसलेला झटका आता काळ्या पाचरीसारखा स्पष्ट होता.

पाणी काढायला नळी घालायची, एवढंच पुरे नव्हतं. वरचं पाणी एकदम कमी केलं आणि खालची सूज तशीच राहिली, तर सुजलेलं अनुमस्तिष्क वर छताच्या फटीत घुसू शकतं. सर्जननी डोक्याच्या मागचं हाड काढलं, खालचं जाड आवरण उघडलं, मेलेला काही भाग बाहेर काढला आणि नळीही ठेवली. सही करताना पत्नीचा हात थांबला होता. त्यांना फोनवर मी एवढंच सांगितलं की हे ऑपरेशन मेंदूचा हरवलेला भाग परत आणणार नाही, मेंदूस्तंभावरचा दाब काढेल. मोठ्या मेंदूच्या अशा ऑपरेशननंतर माणूस जगतो पण बऱ्याचदा परावलंबी होऊन. लहान मेंदूत, मेंदूस्तंभ वाचला असेल तर, पुष्कळ रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहतात. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि घरच्यांना ते वेगळे करून सांगायला हवेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने पाणी मागितलं.

तेराव्या दिवशी घरी. सहाव्या आठवड्यात माझ्याकडे आला तेव्हा पाय फाकवून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. असंयोजनाला, म्हणजे ॲटॅक्सियाला, आमच्याकडे खात्रीची गोळी नाही. व्यायामच आहे आणि तोही कंटाळवाणा: अंगणात चुन्याची रेघ मारून तिच्यावर टाचेला अंगठा लावत चालणं, बसून-उठून, डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून, दिवसातून तीनदा. तो म्हणाला, “उजवा हात आपलं आपलं काम करतोय. डाव्याला परत्येक वेळी सांगावं लागतंय.” पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळ्या लागलेल्या सैनिकांचा अभ्यास करून गॉर्डन होम्स यांनी १९१७ मध्ये अनुमस्तिष्काच्या लक्षणांचं जे वर्णन केलं ते आजही आम्ही वापरतो. त्यांच्या एका रुग्णाने जवळजवळ हेच सांगितलं होतं, फक्त हात दुसरा.

सहा महिन्यांनी चाल बरीच सुधारली. पण पत्नी एकट्याच आत आल्या. म्हणाल्या, चिडतात फार. बारीक गोष्टीवरनं रडतात. आणि दुधाचा हिशेब, जो तोंडी करायचे, तो आता वहीवर पण चुकतो. मोठं कुटुंब, कर्ज, नोकरी गेलेली. मनाने खचला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण १९९८ मध्ये श्माहमान आणि शर्मन यांनी दाखवलं की अनुमस्तिष्काच्या मागच्या भागाला इजा झालेल्यांत नियोजन, शब्द सुचणं, आकडेमोड आणि भावनांचा आवर यांतही असाच तोल जातो. पायकेचा मुलूख तोच. हालचालीला जसं लागतं तसं विचारालाही कुठे थांबायचं हे सांगणारं कुणीतरी लागतं, असं समजा. हे आजाराचंच आहे हे घरात सांगितल्यावर भांडणं कमी झाली असं पत्नी नंतर म्हणाल्या. मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. वाहन चालवायला मी नाही म्हटलं, आणि त्यावरून तो माझ्यावर दोन महिने रुसला होता. आता त्याच केंद्रावर फॅट तपासायच्या यंत्रावर बसतो.

एक राहिलं. ज्या दुकानात मान मोडली तो कारागीर एके दिवशी ओपीडीत रांग लावून आला. तपासायचं काही नव्हतं. उभ्यानेच म्हणाला, “सायेब, माझ्यामुळं झालं का?” गावात तसं बोललं जात होतं. मी रुग्णाला पुन्हा बोलावून विचारलं तेव्हा कळलं, रविवारच्या आदल्या दिवशी भरलेला कॅन खांद्यावर घेताना मानेत काहीतरी चमकलं होतं, आणि म्हणूनच तो मान मोकळी करून घ्यायला गेला होता. धमनी शनिवारी फाटली की रविवारी, हे आता कुठलंच चित्र सांगू शकत नाही. फाटलेल्या धमनीचं दुखणंच माणसाला मालिशवाल्याकडे पाठवतं असंही होतं. मी कारागिराला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, आता मी फक्त डोक्याचं मालिश करतो, मानेला हात लावत नाही.

फी विचारली. मी नको म्हटलं.